ओढता येणं आणि ‘येणं’

नोव्हेंबरातला रविवार होता. जालना जिल्ह्यातलं, जाफ्राबाद तालुक्यातलं टेंभुर्णी. कापसाची वेचणी जोरात असते ते दिवस. ओळखीच्या एका घरी ओट्यावर बसून पाचवीतला एक मुलगा आईच्या फोनवर एक कृती सोडवत होता. वर आठ पत्ते होते: कापूस, सोयाबीन, तूर, मूग, गहू, हरभरा, करडई, ज्वारी. खाली दोन टोपल्या, खरीप आणि रब्बी. पत्त्यावर बोट ठेवायचं, दाबून धरायचं, तसंच ओढत टोपलीपर्यंत न्यायचं आणि सोडायचं. मुलाचे हात जन्मापासून ताठर आहेत. नेमकं काही करायला गेलं की ते थरथरतात. कापसाचा पत्ता निम्म्या वाटेवर जाई, बोट क्षणभर काचेवरून सुटे आणि पत्ता झटक्यात वर, मूळ जागी. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने मला विचारलं, “सर, हे वापस काऊन जातंय?”

दहा मिनिटांत दोन पत्ते टोपलीत पडले. मग त्याने फोन बाजूला ठेवला. पडद्यावर लिहून आलं, ‘८ पैकी २. पुन्हा प्रयत्न करा.’

मी फोन पालथा ठेवला आणि तोंडी विचारायला लागलो. सात पिकांची उत्तरं त्याने मी नाव पुरं घ्यायच्या आत दिली. ज्वारीला मात्र थांबला. मला वाटलं अडला. तो म्हणाला, “कोणती ज्वारी? हायब्रीड का शाळू?” मराठवाड्यात हायब्रीड ज्वारी पावसाळ्यात पेरतात आणि शाळू रब्बीत, हे त्याला घरच्या रानामुळे ठाऊक होतं. ती कृती बनवणाऱ्याने मात्र ज्वारी फक्त रब्बीच्या टोपलीत बरोबर धरली होती. कृती बनवणारा मीच होतो.

त्याची आई आतून म्हणाली, “त्याला येतं सर सगळं. हाताचं तेवढं बघा.”

त्या वाक्यातला ‘येतं’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. ‘मला येतं’ म्हणजे ते माझ्या डोक्यात आहे, कधीही विचारा. मराठीत ज्ञानासाठी आपण हेच क्रियापद वापरतो: पाढे येतात, कविता येते, गणित येतं. आता पडद्यावरच्या कृतींनी या ‘येण्या’त एक अट घुसडली आहे. उत्तर येत असलं तरी ते ओढता आलं पाहिजे. ओढता आलं नाही तर गुणपत्रकात उत्तरच आलं नाही अशी नोंद होते आणि ती नोंद पुढे शिक्षकाकडे, केंद्रप्रमुखाकडे, अहवालात जाते. ‘८ पैकी २’ हा आकडा पाहणाऱ्या कुणालाही कळणार नाही, की उरलेले सहा पत्ते मुलाच्या अज्ञानामुळे राहिले नव्हते, त्याच्या मनगटामुळे राहिले होते. मुलाबद्दल खोटी माहिती तयार करणारी कृती ही शिक्षणाच्या दृष्टीने सदोष कृती आहे, असं माझं म्हणणं आहे. दिव्यांग मुलांची सोय हा मुद्दा यानंतरचा. पहिला मुद्दा खरेपणाचा.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या स्वाध्यायात ‘जोड्या लावा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘अ’ गट, ‘ब’ गट. कुणी पट्टीने रेघा मारत, कुणी नुसतं १ – ई, २ – अ असं लिहीत. ज्याला लिहिता येत नसे तो गुरुजींना तोंडी सांगे. उत्तर कोणत्या वाटेने आलं याच्याशी प्रश्नाला देणंघेणं नव्हतं. ‘योग्य क्रम लावा’, ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’, ‘गाळलेल्या जागा भरा’ हे सगळे प्रश्न असेच, मनाने सोडवायचे आणि मिळेल त्या साधनाने सांगायचे. पडद्यावर येताना या चारही प्रश्नांना एकच हालचाल चिकटली. शब्द ओढा, चित्र ओढा, क्रमही ओढूनच लावा. जोडी लावणं हे मनाचं काम, ओढणं हे हाताचं. कागदावर ही दोन कामं सुटी होती. पडद्यावर आपण त्यांची गाठ मारली, आणि गाठ मारताना कुणी विचारलं नाही की हिचा उपयोग काय.

ओढणं पडद्यावर आलं ते शाळेसाठी आलं नव्हतं. डग्लस एंगेलबार्टने १९६८ साली माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला आणि कागदपत्रं उचलून टोपलीत टाकावीत तशी फाइल ओढून टाकायची कल्पना घरोघरी पोचली. ती कचेरीतल्या टेबलाची नक्कल होती. वेबपानावर वस्तू ओढण्याची आज प्रमाण मानली जाणारी पद्धतसुद्धा मुळात १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून आलेली आहे, म्हणजे बोटाने चालवायचे फोन हाती यायच्या पुष्कळ आधीची. माऊस हातात, कोपर टेबलावर, समोर मोठा पडदा, असा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ती घडली. टेंभुर्णीच्या ओट्यावर बसलेला, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वापरणारा मुलगा त्या चित्रात नव्हता.

आणि माऊसनेही ओढणं हे सोपं काम नाहीच. मॅकेंझी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये वेगवेगळ्या साधनांवर टिचकी मारणं आणि ओढणं यांची तुलना केली. ओढताना वेळ जास्त लागतो आणि चुकाही जास्त होतात असं दिसलं. कारण समजायला अवघड नाही. ओढताना स्नायूंना दोन कामं एकदम करायची असतात, एक दाब टिकवायचा आणि दुसरं, तो टिकवताना नेम धरून सरकायचं. मुलांच्या बाबतीत तर कॅनडातल्या कोरी इंकपेन यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. कोडी सोडवण्याच्या खेळात काही वेळा मुलांनी वस्तू ओढल्या, काही वेळा एकदा टिचकी मारून उचलल्या आणि दुसऱ्या टिचकीने ठेवल्या. टिचकीच्या पद्धतीत मुलं जलद होती, चुका कमी होत्या आणि मुलांना तीच आवडली. ही मुलं दिव्यांग म्हणून निवडलेली नव्हती. तरीही शैक्षणिक कृती बनवणाऱ्यांच्या मनात ‘मुलांना ओढायला आवडतं’ हे पक्कं बसलं आहे. माझ्याही बसलं होतं, आणि मी ते कुठल्याही मुलाला विचारून बसवलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी आणखी एक गोष्ट पाहिली. मुलाच्या धाकट्या बहिणीने, जिचे हात ठणठणीत आहेत, तीच कृती घेतली. फोन लहान. पत्ते वर, टोपल्या खाली, आणि रब्बीची टोपली पडद्याच्या बाहेर, खाली लपलेली. ती पत्ता ओढू लागली की पानच सरकायचं. पान सरकवू लागली की पत्ता हलायचा. शेवटी आईला हाक मारली. आई वेचणीवरून आलेली. कापसाची वेचणी केलेल्या बोटांकडे कुणी जवळून पाहिलं आहे का? वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडतात, पेरांची कातडी राठ होते. तिच्या बोटाचा दाब काचेला मधेच कळेनासा व्हायचा आणि पत्ता पुन्हा वर जायचा. एका घरात तीन माणसं, तिघांना पीक कोणत्या हंगामातलं ते माहीत, आणि तिघांनाही कृती जमेना. त्यांतल्या एकाकडेच दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे.

पहिल्या लॉकडाउनमध्ये महाराष्ट्रात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला फोनवर रोज येऊ लागली, तेव्हापासून ग्रामीण घरात अभ्यास म्हणजे आईबापाचा फोन हे समीकरण रुजलं. ‘असर’च्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन असल्याचं आढळलं. फोनवरच्या या अभ्यासाची एक वाट दुसऱ्या एका टेंभुर्णीजवळून येते. टेंभुर्णी म्हटलं की पुष्कळांना सोलापूर जिल्ह्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी आठवतं. ते माढा तालुक्यात येतं आणि त्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम केलं. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते चौकोनी ठसे असतात आणि आमच्या टेंभुर्णीतलं मूलही फोन धरून ते उघडतं. मूल पडद्यापर्यंत पोचलं, हे फार मोठं काम झालं. आता त्याला पडद्यावर काय करायला लावतो, याचा जाब आमच्यासारख्या कृती बनवणाऱ्यांनी द्यायचा आहे.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारी माणसं शिक्षणाची आस्था असलेली असतात, म्हणून तो नीट ऐकला पाहिजे. ती म्हणतात, मूल हाताने शिकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं त्याचा गाभा हाच होता. मॉन्टेसरींची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले मुलांच्या हाती दिले. वेगळं काढणं, जोडी लावणं, क्रम लावणं मुलं त्यावर शिकली. मग पडद्यावर ओढणं हे त्याचंच पुढचं रूप नाही का?

नाही, असं मला वाटतं, आणि कारण टेंभुर्णीच्या झाडाखालीच सापडतं. गावाला ज्या झाडाचं नाव आहे, ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, त्याची बी मुलाच्या हातात द्या. बीला वजन आहे, गुळगुळीतपणा आहे, कड आहे. हात थरथरला तर बी हातातून पडते, पण पडते तिथेच राहते, चालत मूळ ढिगात जात नाही. पुन्हा उचलता येते, तळहाताने लोटता येते, कोपराने सरकवता येते. दोन हात लावता येतात. पडद्यावरच्या ‘मूग’ नावाच्या पत्त्याला यातलं काहीच नाही. कापूस ओढा की करडई, काच तीच, तितकीच सपाट. हाताने शिकण्यातलं जे शिकणं आहे ते इथे उरत नाही आणि जी अडचण आहे ती तेवढी उरते.

अंध मुलांच्या शाळांत गणितासाठी टेलर फ्रेम असते. अष्टकोनी भोकांची पाटी आणि त्यात बसणारे धातूचे चौकोनी खिळे. खिळा कोणत्या दिशेने बसवला यावरून अंक ठरतो. आठ दिशा, खिळ्याची दोन टोकं, म्हणजे एकाच खिळ्यातून सोळा खुणा. मूल खिळा उचलतं, भोक चाचपतं, बसवतं, बोट फिरवून वाचतं. पाहायला गेलं तर हेही उचलून ठेवणंच आहे. पण प्रत्येक पायरीवर पाटी मुलाला सांगत असते: इथे भोक आहे, हे भरलेलं आहे, हा खिळा तिरका आहे. वस्तू बोलते म्हणून हालचालीला अर्थ येतो. पडद्यावर वस्तू आपोआप बोलत नाही. तिला बोलतं करणं हे बनवणाऱ्याचं काम आहे आणि तिथेच बहुतेक कृती मुक्या राहतात.

माझी कृती मुकी होती हे मला छत्रपती संभाजीनगरच्या एका अंध शिक्षिकेने दाखवलं. त्यांनी फोनचं वाचक सॉफ्टवेअर चालू करून माझं पान उघडलं आणि फोन मला ऐकवला. “चित्र. चित्र. चित्र. चित्र.” आठ वेळा. मी पिकांची नावं चित्रात लिहिली होती, अक्षर म्हणून कुठेच नव्हती. टोपल्या तर त्यांच्या फोनला दिसल्याच नाहीत. वाचक चालू असताना माणूस बोटाने सरकत एकेक गोष्ट ऐकतो आणि हवी ती मिळाली की दोनदा टिचकी मारतो. त्यात ओढण्याला जवळजवळ जागा नाही, कारण कुठून कुठे ओढायचं हेच दिसत नाही. त्या म्हणाल्या, “सर, प्रश्न काय होता ते तरी सांगा.” त्यांनी हे कुठलाही राग न आणता सांगितलं आणि मला ते जास्त लागलं.

वेबवरच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. तिच्यातला २.५.७ हा निकष थेट ओढण्याबद्दल आहे. जे काम ओढून होतं ते न ओढता, साध्या टिचक्यांनीही झालं पाहिजे. ओढणं हाच त्या कामाचा जीव असेल तेवढीच सूट. अक्षर गिरवण्याच्या कृतीत ही सूट योग्य आहे, तिथे हाताची वाट हाच धडा आहे. पिकं हंगामांत लावण्यात नाही. त्याच आवृत्तीतला पुढचा निकष टिचकीची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी असं सांगतो. ओट्यावरच्या त्या मुलासाठी ती दुप्पट करावी लागली, देवनागरीसाठीही. वेलांटी, रफार आणि खालचा उकार सांभाळायला देवनागरीला रोमनपेक्षा उंच जागा लागते. लहान पत्त्यावर ‘मूग’चा ऊकार कापला जाऊन ‘मग’ दिसत होतं.

मात्र एवढ्याने सगळं भागतं असं समजू नये. २.५.७ बोटाच्या आणि माऊसच्या टिचकीपुरता आहे. जो की-बोर्डने, एका बटणाने किंवा वाचकावर विसंबून काम करतो त्याच्यासाठी की-बोर्डचा निकष निराळा आणि जुना आहे, आणि दोन्ही पाळावे लागतात. मूडल या शिकवण्याच्या संगणकप्रणालीमध्ये शब्द ओढून रिकाम्या जागी टाकायचा जो प्रश्नप्रकार आहे, तिथे रिकाम्या जागेवर जाऊन स्पेस किंवा बाणाची कळ दाबली की एकेक पर्याय फिरत येतो. ओढणाराही तोच प्रश्न सोडवतो, न ओढणाराही तोच, आणि गुणांच्या नोंदीत फरक दिसत नाही.

मी कृती पुन्हा बांधली तेव्हा ओढणं काढलं नाही, पण ते मुख्य राहू दिलं नाही. पत्त्याला टिचकी मारली की त्याला जाड चौकट येते आणि त्यावर ‘निवड’ असा शब्द उमटतो, नुसता रंग बदलत नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही. मग टोपलीला टिचकी. पत्ता तिथे जातो. टोपल्या पडद्याच्या तळाशी कायम दिसत राहतात. चुकून ठेवला तर टोपलीतल्या पत्त्याला टिचकी मारून परत उचलता येतो. वेळेची मर्यादा नाही. उत्तर चुकलं तर पत्ता उडून वर जात नाही, टोपलीतच राहतो आणि शेजारी लिहून येतं की हे पुन्हा पाहा. तिसरी टोपली केली: ‘दोन्ही हंगामांत’. ज्वारीसाठी. क्रम लावण्याच्या कृतीत (कापसाची पेरणी, विरळणी, पाते, फूल, बोंड, वेचणी) प्रत्येक ओळीशेजारी ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन बटणं दिली. हे सगळं लिहायला ओढण्यापेक्षा कमी संगणकीय ओळी लागल्या.

अडलो ते मराठीपाशी. पत्ता ठेवला की वाचकाने ते बोलून सांगायला हवं. इंग्रजी पुस्तकांत नमुना तयार मिळतो: वस्तूचं नाव, मग ‘ठेवलं’, मग जागेचं नाव. तोच साचा मराठीत लावला आणि फोन बोलू लागला, “तूर ठेवला.” कापूस ठेवला, तूर ठेवली, सोयाबीन ठेवलं. आपल्याकडे क्रियापद वस्तूच्या लिंगाबरोबर बदलतं आणि साच्याला ते कळत नाही. जागेचंही तेच. ‘टोपली’ला ‘मध्ये’ जोडलं तर ‘टोपलीमध्ये’ बरोबर होतं, पण दुसऱ्या कृतीत ‘डबा’ होता, तिथे ‘डबामध्ये’ झालं. डोळस मुलाला ही चूक दिसतही नाही, कारण तो पडद्याकडे पाहतो. अंध मुलाला मात्र तीच चूक त्याची भाषा म्हणून दर वेळी ऐकावी लागते. भाषा शिकण्याच्या वयात हे चालणार नाही. मग क्रियापदच काढून टाकलं. “तूर, खरीप टोपलीत. ८ पैकी ३ झाले.” प्रत्येक जागेचं ‘त’ लागलेलं रूप आधीच लिहून ठेवलं. शिवाय पानाच्या मुळाशी भाषा मराठी असल्याची नोंद केली. ती नसली तर फोन भलत्या भाषेच्या आवाजात मराठी वाचतो, आणि हिंदी आवाजात आपल्या ‘चमच्या’तला ‘च’ आपला राहत नाही. सुलभतेवरच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत पानाची भाषा नोंदवायला सांगितलेलं असतं, पण मराठीच्या या खाचाखोचा तिथे सापडत नाहीत. त्या मराठीत काम करणाऱ्यांनीच लिहून ठेवायच्या आहेत, आणि शिक्षकांच्या कार्यशाळांत त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत, कारण आज कृती बनवणारे हात बहुतेक शिक्षकांचेच आहेत.

काही जण म्हणतात, दिव्यांग मुलांसाठी वेगळी आवृत्ती करा, मूळ कृतीला हात कशाला लावता? मी याच्या ठाम विरोधात आहे. वेगळी आवृत्ती पहिल्या वर्षी बनते. दुसऱ्या वर्षी पुस्तक बदलतं, मूळ कृती बदलते आणि वेगळी तशीच राहते. वर्गात ‘तू ते दुसरं उघड’ असं ऐकावं लागलेलं मूल पुढच्या वेळी फोनच उघडत नाही. आणि ती द्यायची कुणाला, हे ठरवणार कोण? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्या कायद्यातल्या पुष्कळ हक्कांसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. हात थोडा थरथरणारी, नजर थोडी कमी असलेली, अक्षरांत गोंधळणारी मुलं त्या रेषेच्या अलीकडे राहतात. त्यांच्या आईबापांनी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या फेऱ्या मारलेल्या नसतात. ती मुलं कुठल्याच यादीत नाहीत आणि वर्गात मात्र आहेत. कृती यादीची वाट पाहू शकत नाही.

कायदा या बाजूला आहेच. त्याच कायद्याचं ४२ वं कलम छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ रूपात मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं म्हटलं, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. पण कायद्याच्या धाकाने घाईत केलेली सुलभता मी पाहिली आहे. कोपऱ्यात एक निळं चिन्ह येतं, अक्षर मोठं करायची सोय येते आणि पत्ते ओढायचे ते ओढायचेच राहतात. ज्याच्यासाठी करतो त्याला जवळ बसवून करून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. माझ्या नव्या कृतीत टिचकी मारल्यावर लगेच पत्ता निवडला जात होता. मुलाचं बोट काचेवर दोनदा आपटतं, त्यामुळे निवडलेला पत्ता लगेच सुटायचा. पुन्हा तेच, “वापस गेलं.” कृतीला दोन टिचक्यांमध्ये थोडा विराम धरायला शिकवल्यावर ते थांबलं. हे कुठल्या निकषात शोधत बसलो असतो तर सापडलं नसतं.

दुसऱ्या खेपेला त्याने आठही पत्ते लावले. ज्वारी तिसऱ्या टोपलीत ठेवली आणि मग मका का नाही म्हणून विचारलं, मकाही दोन्हीकडे असते. मका घातली.

सध्या अडलोय ते नकाशापाशी. जालना जिल्ह्याचे आठ तालुके रिकाम्या नकाशात आपापल्या जागी ठेवायचे अशी कृती आहे. दिसणाऱ्या मुलांसाठी टिचकीने जमलं: तालुक्याला टिचकी, जागेला टिचकी. न दिसणाऱ्या मुलासाठी ‘जागा क्रमांक ४’ म्हणणं निरर्थक आहे. म्हणून दिशांनी लिहून पाहिलं: भोकरदनच्या पूर्वेला कोण, ज्याच्या पलीकडे बुलडाणा जिल्हा लागतो? उत्तर जाफ्राबाद. प्रश्न चांगला झाला, पण तो वेगळा प्रश्न झाला. नकाशात आकार असतो, कुणाची सीमा कुणाला किती लांब लागते ते असतं, आणि ते शब्दांत नीट येत नाही. संभाजीनगरच्या बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे पडद्याचं काम नाही सर. सुतळी घ्या.”

पुठ्ठ्यावर जिल्ह्याची सीमा जाड सुतळीने आणि तालुक्यांच्या सीमा बारीक दोऱ्याने चिकटवल्या आहेत. प्रत्येक तालुक्यात वेगळं धान्य लावलं आहे. जाफ्राबादमध्ये काय लावायचं ते मुलाने सांगितलं, आणि ते दाणे त्याने तळहाताने लोटत स्वतःच भरले. गोंद अजून ओला आहे. वाळला की पुठ्ठा बाईंकडे पाठवायचा आहे.